लुथरन शाळेतला आठवडा, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पुढे काय काय

कोकमसार | १६ जानेवारी, रात्री ९.४०

अमेरिकेतल्या शाळांच्या धाग्यावर लुथरन शाळांचा (मार्टिन लुथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या) विषय निघाला आणि मग बऱ्याच जणींनी विपुत (निरोपाच्या पानावर) विचारलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

मी विस्कॉन्सिनातल्या मिलवॉकीच्या पश्चिमेला राहते. इथल्या एका लुथरन शाळेत दुसरीच्या वर्गावर मदतनीस आहे आणि माझा धाकटा त्याच शाळेत चौथीत आहे. शाळा मिसूरी सिनडची. सिनड म्हणजे लुथरन चर्चची संघटना. बालवाडी ते आठवी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, चर्च आणि शाळा एकाच छपराखाली. नाव सांगणार नाही, विचारू नका.

आधी एक गोष्ट, कारण मराठी घरांत गोंधळ इथेच होतो. आपल्यापैकी बरेच जण कॉन्व्हेंटमध्ये शिकलोय. सकाळी प्रार्थना, आठवड्यातून एखादा मूल्यशिक्षणाचा तास, नाताळला गोठा, बाकी सगळं बोर्डाप्रमाणे. लुथरन शाळाही तशीच असेल असं धरून लोक फी भरतात आणि ऑक्टोबरात नवरा-बायकोत वाजतं. ही शाळा चर्चच्या मंडळीने आपल्या पोरांना आपला धर्म शिकवायला काढलेली आहे. बाहेरच्यांनाही मनापासून या म्हणतात, पण म्हणून वेळापत्रक कुणासाठी बदलत नाहीत. शाळा बघायला जायचं तर ओपन हाउसला जाऊ नका. तेव्हा जिम आणि नवे क्रोमबुक दाखवतात. साध्या बुधवारी सकाळी जा.

आता आठवडा.

सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात त्या आठवड्याचं बायबलवचन लिहिलं जातं. मंगळवारी आमच्या बाई त्यातले दोन शब्द पुसून तिथे रेघ ओढतात, बुधवारी आणखी काही. गुरुवारपर्यंत फळ्यावर नुसत्या रेघा उरतात आणि पोरं त्या रेघांकडे बोट दाखवत वचन घडाघडा म्हणतात. शुक्रवारी एकेकाने बाईंच्या टेबलाशी येऊन म्हणायचं, बाई वहीत खूण करणार. सध्या एका पठ्ठ्याचे पुढचे दोन दात पडलेत. त्याचं वचन सुरू झालं की सगळा वर्ग कान टवकारतो, कारण प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजते. बाई मान खाली घालून वहीत बघत राहतात.

धर्माचा तास रोज पहिला. त्यानंतर वाचन, गणित, लिखाण हे कुठल्याही अमेरिकन शाळेत असतं तसंच. मी चार-चार मुलं घेऊन बाहेर कॉरिडॉरमधल्या सतरंजीवर वाचन घेते. मंगळवारी लायब्ररी. जेवणाआधी सगळे हात जोडून एका सुरात प्रार्थना म्हणतात, "ये प्रभू येशू, आमचा पाहुणा हो" अशा अर्थाची. लुथरन घरांत हीच प्रार्थना म्हणतात, त्यामुळे पोरांना ती शाळेत यायच्या आधीपासून पाठ असते. माझ्या पोराला नव्हती. आता तो पोहे समोर आले तरी पुटपुटतो आणि मग एकदम गप्प होऊन माझ्याकडे बघतो.

बुधवार म्हणजे चॅपल. सव्वाआठला सगळी शाळा रांगेने चर्चमध्ये जाते. बालवाडीतल्या प्रत्येक पिल्लाला आठवीतला एक दादा किंवा ताई नेमून दिलेली असते, तिला चॅपल बडी म्हणतात. तो सहा फुटी मुलगा त्या एवढ्याशा पोरीला स्तोत्राच्या पुस्तकात पान काढून देतो, तिच्या बुटाची नाडी बांधतो. मला सगळ्या शाळेत हे सर्वांत आवडतं. मेणबत्त्या सहावीतली मुलं पेटवतात. पाळीपाळीने एकेक वर्ग चॅपल चालवतो: कुणी वाचतं, कुणी प्रार्थना म्हणतं. पास्टर पायरीवर बसून पाचएक मिनिटं बोलतात आणि हातात नेहमी काहीतरी वस्तू असते. गेल्या खेपेला सेल नसलेली बॅटरी होती. मग चॅपलची वर्गणी. आईबापांनी दिलेली क्वार्टरं प्लॅस्टिकच्या बादलीत खणखणत पडतात. या तिमाहीत ते पैसे गावातल्या अन्नकोठीला जाणार आहेत.

गुरुवारी घरी फोल्डर येतो. त्यात आठवड्याचे पेपर, बातमीपत्र, सह्या करायचे कागद. याच दिवशी पालक गरम जेवण वाढतात. या गुरुवारी वॉकिंग टाको होता, म्हणजे चिप्सच्या छोट्या पुडीतच खिमा-चीज घालून चमच्याने खायचं. खिमा बीफचा. शाकाहारी घरांनी गुरुवारी डबा द्यायला विसरू नये. शुक्रवारी स्पेलिंग, वचन, आणि उरलेल्या वेळात कपाटं आवरणे.

सध्या थंडी मरणाची आहे. पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली गेला की मधली सुट्टी वर्गातच, आणि वर असेल तर अख्ख्या वर्गाला स्नोपँट, बूट, टोपी, हातमोजे चढवायचे. सुट्टीपेक्षा ते चढवणं लांब चालतं.

पुढचं थोडक्यात: २५ जानेवारीपासून राष्ट्रीय लुथरन शाळा सप्ताह. देशभरातल्या शाळा साजरा करतात. रविवारी आमचा वर्ग चर्चच्या उपासनेत गाणार, दुपारी ओपन हाउस. मग रोज काहीतरी: सोमवारी पायजमा घालून शाळेत, मंगळवारी जुळे दिसतील असे कपडे, गुरुवारी सगळ्यांनी मिळून फ्लीसच्या चौघड्या बनवायच्या (कडेला चिरे पाडून गाठी मारतात, शिवण नाही, आश्रयगृहाला देतात), त्याच दिवशी आठवी विरुद्ध शिक्षक व्हॉलीबॉल. शुक्रवारी आजी-आजोबा दिवस. फेब्रुवारीत शाळेचा शंभरावा दिवस. तो नक्की कधी, ते बर्फाच्या सुट्ट्या किती पडतात त्यावर. मग व्हॅलेंटाइन, आणि १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाची सुरुवात. तिथून ईस्टरपर्यंत दर बुधवारी संध्याकाळी उपासना आणि त्याआधी तळघरात सूप.

विचारा काय विचारायचं ते.

पळसपान | १६ जानेवारी, रात्री १०.१५

मस्त लिहिलंयस गं. शिट्टीवाल्या 'स'ला दंडवत.

माझी लेक ओहायोत लुथरन प्रीस्कूलमध्ये आहे. परवा संक्रांतीला वर्गात तिळगूळ न्यावा म्हणत होते, बाईंनी ईमेलवर चक्क नाही म्हणून सांगितलं. धर्माचं कारण असेल का?

कोकमसार | १६ जानेवारी, रात्री १०.३२

नाही गं, तीळच कारण असणार. १ जानेवारी २०२३ पासून तीळ अमेरिकेत मुख्य ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत नववा आहे, आणि पाकिटावर तसं लिहावं लागतं. त्यात आपल्या वडीत शेंगदाणेही. घरी केलेलं, लेबल नसलेलं, वर तीळ आणि दाणे: कुठल्याच शाळेत चालणार नाही, पब्लिक म्हणजे सरकारी शाळेतही नाही.

मी यंदा कागदी पतंग नेले. संक्रांत नेमकी बुधवारी, म्हणजे चॅपलच्याच दिवशी आली. दुपारच्या कलेच्या तासाला बाईंनी मला पंधरा मिनिटं दिली. सूर्य, थंडी, पतंग, गोड बोला. हे सगळं सांगितलं. सूर्याची पूजा हा भाग मी आपणहून गाळला. तो मी सांगितला असता तर कदाचित पुढच्या वर्षी पंधरा मिनिटं मिळाली नसती. हे कुणी मला सांगितलेलं नाही, पण तिथे रोज वावरलं की कळतं.

बारा_गावचं_पाणी | १७ जानेवारी, सकाळी ७.०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पब्लिक शाळा फुकट आहे, मिलवॉकीच्या पश्चिमेला तर चांगल्याही आहेत. वर वर्षाला काही हजार डॉलर भरून पोराला दुसऱ्या धर्माची वचनं पाठ करायला लावायची, आणि वर्गात आपला सण सांगताना सूर्य गाळायचा. कशासाठी? घरी किती जणांची पोरं रामरक्षा म्हणतात?

कोकमसार | १७ जानेवारी, सकाळी ८.२०

राग नाही, प्रश्न रास्त आहे.

आमचं कारण काही उदात्त नव्हतं. आम्ही आलो तेव्हा दोघांचं ऑफिस सातला सुरू व्हायचं आणि या शाळेत साडेसहापासून मुलं ठेवून घ्यायचे. नंतर मला तिथेच काम मिळालं, कर्मचाऱ्यांना फीत सूट असते. मोठी मुलगी पाचवीपासून पब्लिक शाळेत गेली, तिला इथलं नको होतं. धाकट्याला हवं आहे. दर मे महिन्यात पुन्हा बसून ठरवतो.

आणि रामरक्षा तो म्हणतो, पण आजी व्हिडिओ कॉलवर असली तरच. तेव्हा तुमचा टोमणा बसलाय.

खिडकीजवळची_सीट | १७ जानेवारी, सकाळी ९.४८

चौथीत आहे म्हणालात. विज्ञानाचं काय? डायनासोर, उत्क्रांती?

कोकमसार | १७ जानेवारी, सकाळी ११.०२

हा प्रश्न लोक प्रवेशाआधी विचारत नाहीत आणि नंतर माझ्याकडे येतात. मिसूरी सिनड आणि विस्कॉन्सिन सिनड दोघांचीही शिकवण देवाने सहा दिवसांत सृष्टी केली अशीच आहे, आणि शाळेत तीच शिकवतात. वनस्पतीचे भाग, पाण्याचं चक्र, चुंबक, वीज यांत काही फरक पडत नाही. फरक पडतो तो जीवाश्म आणि पृथ्वीचं वय आलं की. धाकट्याने बाईंना विचारलं होतं, डायनासोर माणसांच्या आधी होते ना? बाई म्हणाल्या, पुष्कळ शास्त्रज्ञ तसं मानतात. आपण मानतो की देवाने त्यांनाही त्याच आठवड्यात निर्माण केलं. चेष्टा नाही, आवाज चढवणं नाही.

आम्ही त्या शनिवारी त्याला मिलवॉकी पब्लिक म्युझियममध्ये नेलं. तिथे टायरॅनोसॉरस दुसऱ्या एका डायनासोरला फाडून खाताना केलाय, खऱ्या आकाराचा. तिथल्या पाट्या त्याने स्वतः वाचल्या, वर्षांचे आकडेही. घरी आम्ही स्पष्ट सांगितलं की आम्हाला पाट्यांवरचं पटतं. सातवी-आठवीत हे जास्त टोकदार होईल, म्हणून तो तोवर तिथे असेल की नाही ते बघू.

ज्यांना ही ओढाताण नको, त्यांनी या शाळेत घालू नये. मी बिनदिक्कत सांगते, आमच्या मुख्याध्यापकांनाही ठाऊक आहे मी असं सांगते ते.

खिडकीजवळची_सीट | १७ जानेवारी, सकाळी ११.१०

धन्यवाद. मग आमचं उत्तर मिळालं.

अडकित्ता | १७ जानेवारी, दुपारी १.३६

फोर्ट वेनहून. आमची दोन्ही पोरं बालवाडी ते आठवी लुथरन शाळेत होती, आता कॉलेजात आहेत. इथे या शाळांचं जाळंच आहे, आणि इंडियानात २०११ पासून व्हाउचर (खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसे) असल्याने बाहेरची मुलं बरीच वाढली.

थोडा इतिहास घालतो, कारण या शाळा अशा का आहेत ते त्यातून कळतं. १८३९ मध्ये सॅक्सनीतून काही शे जर्मन लुथरन धर्मासाठी घर सोडून मिसूरीच्या पेरी काउंटीत आले. तिथे लाकडी ओंडक्यांची शाळाही त्याच वर्षी बांधली. १८४७ मध्ये शिकागोत मिसूरी सिनड स्थापन झाली. जिथे चर्च तिथे शाळा हा त्यांचा शिरस्ता, आणि सगळं शिकवणं जर्मनमधून. मुळात लुथरनेच १५२४ मध्ये जर्मन शहरांच्या नगरपालांना पत्र लिहून शाळा काढा म्हणून बजावलं होतं, मुलींच्याही.

पहिल्या महायुद्धात जर्मन म्हटलं की लोक पेटायचे. नेब्रास्काने १९१९ मध्ये कायदा केला: आठवी पास होईपर्यंत मुलाला इंग्रजीखेरीज कुठलीही भाषा शिकवायची नाही, खासगी शाळेतसुद्धा. मे १९२० मध्ये हॅम्प्टन गावातल्या झायन लुथरन शाळेत रॉबर्ट मायर नावाचे शिक्षक दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून बायबलची गोष्ट वाचायला शिकवत असताना सरकारी माणूस वर्गात आला. मायर थांबले नाहीत. २५ डॉलर दंड झाला. तो त्यांनी भरला नाही, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले, आणि १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा रद्द केला. आपल्या मुलाला काय शिकवायचं हे ठरवायचा आईबापांना हक्क आहे, हे या निकालामुळे इथल्या कायद्यात पक्कं झालं.

आमच्या मंडळाची मराठी शाळा रविवारी भरते ती कुठे ठाऊक आहे? एका लुथरन शाळेच्या भाड्याच्या वर्गांत. बाराखडीचा तक्ता आम्ही त्यांच्या वचनाच्या फळ्यावर लावतो आणि जाताना काढून ठेवतो.

पळसपान | १७ जानेवारी, दुपारी १.५०

हे काहीच माहीत नव्हतं. अडकित्ता, यावर वेगळा लेख लिहा.

नगरची_भेळ | १७ जानेवारी, संध्याकाळी ५.२५

मी मूळची नगरची, मराठी ख्रिस्ती, सध्या सेंट लुईसमध्ये. माझा मुलगा मिसूरी सिनडच्या प्रीस्कूलमध्ये जातो. इथे प्रत्येकाला वाटतं की मी ख्रिस्ती म्हणजे मला सगळं घरचंच. तसं नाही. आपल्याकडे लुथरन मंडळी जवळजवळ नाहीतच. नगरला आली ती अमेरिकन मराठी मिशन, १८३१ मध्ये, काँग्रिगेशनल पंथाची. मुंबई-पुण्यात स्कॉटिश मिशन. १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट पंथ चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एक झाले, आमची मंडळी त्यातली.

भारतातले लुथरन कुठे? तरंगमबाडीला १७०६ मध्ये त्सीगेनबाल्ग आणि प्लूशाऊ उतरले ते पहिले. मग गुंटूर १८४२, रांची १८४५, आणि मिसूरी सिनडचं काम १८९५ पासून तमिळनाडूत. आपल्या सगळ्यांत जवळचे म्हणजे छिंदवाड्याचे, तिथे स्वीडिश मिशन होतं. नागपूरच्या ख्रिस्ती लोकांत तिकडची सोयरीक सापडते.

आता मुद्द्याचं. मुलाचा वर्ग रविवारी गाणार म्हणून मी उपासनेला गेले. प्रभुभोजनाची (पुढे जाऊन भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची) वेळ आली तशी मी उठणार, इतक्यात शेजारच्या बाईंनी हळूच हातात छापील कागद दिला: आमच्या सिनडच्या सभासदांखेरीज इतरांनी आधी पास्टरशी बोलावं. माझा बाप्तिस्मा, दृढीकरण सगळं झालेलं, आणि मी बाकावर बसून राहिले. दोन बाकं पुढे एक गुजराती कुटुंब तसंच बसलेलं, त्यांची मुलगी माझ्या मुलाच्या वर्गात. नंतर डोनट खाताना आमची ओळख झाली.

त्यामुळे हिंदू घरांना मी सांगते, रविवारच्या गाण्याला खुशाल जा. उठून पुढे जायचं नाही याचं टेन्शन घेऊ नका. बसून राहणारे तुम्ही एकटे नसता.

कोकमसार | १७ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

भेळताई, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. माझ्याकडून हे कुणी ऐकलं नसतं.

बाकीच्यांसाठी भर: हे सगळ्या लुथरन चर्चमध्ये असं नाही. १९८८ मध्ये झालेलं मोठं लुथरन चर्च, ज्याला इथे एल्का म्हणतात, ते प्रभुभोजनाबाबत मोकळं आहे आणि तिथे स्त्रिया पास्टर असतात. मिसूरी आणि विस्कॉन्सिन सिनडमध्ये नसतात. त्या दोघांचंही आपसात जमत नाही, १९६१ पासून विस्कॉन्सिनवाल्यांनी संबंध तोडलेत. पाटीवर नुसतं लुथरन दिसलं तर खाली बारीक अक्षरांत कुठलं सिनड आहे ते वाचा.

डोंगरची_मैना | १७ जानेवारी, रात्री ८.४४

आमची शाळा विस्कॉन्सिन सिनडची, अगदी खेड्यात, आजूबाजूला गाई. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी एका खोलीत, मुख्याध्यापक स्वतः सातवी-आठवीला शिकवतात, बास्केटबॉलही घेतात आणि रविवारी ऑर्गनही वाजवतात.

सध्या शाळेत सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय, कारण लेकीच्या बाईंना 'कॉल' आलाय. हे मला पहिल्या वर्षी अजिबात झेपलं नव्हतं. दुसऱ्या गावच्या मंडळीला शिक्षक हवा असला की ते जाहिरात देत नाहीत, थेट एखाद्या शिक्षकाला बोलावणं पाठवतात. ते देवाचं बोलावणं मानतात. मग त्या बाई काही आठवडे विचार करतात, दोन्ही गावच्या लोकांशी बोलतात, आणि ही गोष्ट उपासनेत जाहीर होते. पालकांनी त्यांना चिठ्ठ्या लिहायच्या. 'जाऊ नका' असं लिहायचं नसतं म्हणे, 'आम्हाला तुमचं काय मोलाचं वाटतं' ते लिहायचं. मी लिहिली. लेकीने खाली मोठ्या अक्षरांत जाऊ नका लिहून टाकलं. निकाल पुढच्या रविवारी.

अडकित्ता | १७ जानेवारी, रात्री ९.०३

मैना, कॉल्ड शिक्षक म्हणजे त्यांच्या लेखी धर्मसेवकच. २०१२ मध्ये यावर सर्वोच्च न्यायालयाचा एकमताने निकाल आहे. मिशिगनमधल्या रेडफर्डची लुथरन शाळा, नोकरीवरून काढलेली कॉल्ड शिक्षिका, चौथीच्या वर्गावरची. ती दिवसातला थोडाच वेळ धर्म शिकवायची, बाकी गणित-विज्ञानच. तरी न्यायालय म्हणालं, ती धर्मसेवक आहे, तेव्हा नोकरीतल्या भेदभावाचा खटला तिला चालवता येणार नाही. शाळेत नोकरी शोधणाऱ्या आपल्या बायकांनी हे वाचून ठेवावं. कोकमसार, तुमचं पद कॉल्डमध्ये येत नसणार.

कोकमसार | १७ जानेवारी, रात्री ९.१५

नाही हो. मी साधी तासावर.

जुना_फळा | १८ जानेवारी, सकाळी ९.३० (भारतीय वेळ)

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालो. मैना, तुमचे ऑर्गन वाजवणारे मुख्याध्यापक वाचून हसू आलं. आमच्याकडे मुख्याध्यापक खिचडीचा हिशेब, जनगणना, मतदारयादी सांभाळून चौथीला शिकवत. दोन इयत्ता एका खोलीत चालवायच्या तर एका गटाला लिहायला लावून दुसऱ्याला बोलायचं, आणि थोरल्यांना धाकट्यांवर सोडायचं. तिथे तसंच करतात का?

डोंगरची_मैना | १७ जानेवारी, रात्री १०.२०

सर, अगदी तसंच. दुसरीची मुलं पहिलीचं वाचन ऐकतात. माझी लेक पहिलीत होती तेव्हा दुसरीचं गणित ऐकून ऐकून निम्मं शिकली. तोटा असा की वर्गात तुमच्या वयाच्या चारच मुली असतील आणि त्यातल्या दोघींशी पटलं नाही, तर आठवीपर्यंत त्याच चार.

बारा_गावचं_पाणी | १८ जानेवारी, सकाळी ८.०० (पूर्वेकडची वेळ)

चर्चा चांगली चाललीय, मान्य. एक विचारतो: चॅपल नको असेल तर सूट मिळते का? विस्कॉन्सिनात तसा कायदा आहे असं ऐकून आहे.

कोकमसार | १८ जानेवारी, सकाळी ९.२७

आहे, पण अर्धवट ऐकलंय तुम्ही. राज्याच्या व्हाउचरवर शिकणाऱ्या मुलाच्या पालकांनी लेखी दिलं, तर शाळा त्याला धार्मिक कार्यक्रमात भाग घ्यायची सक्ती करू शकत नाही. मिलवॉकीत व्हाउचर १९९० पासून आहेत, धार्मिक शाळांना ते मिळायला लागले १९९८ पासून. पण व्हाउचरला उत्पन्नाची अट आहे, आयटीतल्या दोन पगारांच्या घराला बहुतेक बसत नाही. फी भरून आलेल्यांना हा कायदा लागू नाही, तिथे मुख्याध्यापक म्हणतील ते.

आणि सूट घेतल्यावर काय होतं ते सांगते. मूल बुधवारी लायब्ररीत बसतं, मोठं माणूस सोबत. बाकी सगळी शाळा चर्चमध्ये, तिथून गाण्याचा आवाज येतो. चॅपलहून आल्यावर वर्ग दिवसभर त्या बॅटरीबद्दल बोलतो. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात बाई तीच बॅटरी घालतात, लिखाणाच्या वहीत तोच विषय असतो. चाळीस मिनिटांची सूट मिळाली तरी बाकीच्या आठवड्याचं काय करणार? म्हणून मी सूट मागा असं कुणाला सुचवत नाही. पटत असेल तर पोराला सगळ्यांसोबत बसू द्या आणि घरी बोला. पटत नसेल तर पब्लिक शाळा आहेच, आणि बारा गावचं पाणी म्हणतात तशी ती इथे चांगली आहे.

बारा_गावचं_पाणी | १८ जानेवारी, सकाळी ९.४१

चला, शेवटी एका वाक्यावर तरी एकमत.

पळसपान | १८ जानेवारी, दुपारी १२.१५

शंभराव्या दिवसाचं सांग ना. लेक पुढच्या वर्षी बालवाडीत जाईल.

कोकमसार | १८ जानेवारी, दुपारी १२.४०

तो लुथरन वगैरे काही नाही, अमेरिकेतल्या बहुतेक प्राथमिक शाळांत असतो. मुलांनी शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यासारखं नटून यायचं आणि घरून कसल्याही शंभर वस्तू मोजून आणायच्या. गेल्या वर्षी वर्गात मणी, बटणं, लेगो, पास्ता आले. आमच्याकडून काबुली चणे. दहा-दहाच्या पुरचुंड्या करून न्या म्हणजे मोजून दाखवता येतात. दाणे नकोत, तीळ तर नकोतच. आणि आजीचं नऊवार नेसवून पाठवायचं मनात असेल तर वर स्नोपँट चढत नाही, हे लक्षात ठेव.

जुन्या_वाड्यातले | १८ जानेवारी, दुपारी ३.०८

मी पुण्याहून लेकीकडे आलोय, मिनेसोटाला. नातू दुसरीत, लुथरन शाळा. त्या सप्ताहातल्या शुक्रवारी आजी-आजोबा दिवसाचं बोलावणं आलंय. आम्ही दोघं जावं का? मी रोज टोपी घालतो. तिथे काढावी लागेल? आणि चर्चमध्ये काय करायचं असतं? हिला इंग्रजी येत नाही.

कोकमसार | १८ जानेवारी, दुपारी ३.५५

काका, जरूर जा. नातवंडांचे आजी-आजोबा लांबच्या गावांहून गाडी हाकत येतात, आणि ज्यांचं कुणी येत नाही त्या मुलांसोबत मंडळीतले दुसरे म्हातारे बसतात. तुमचा नातू तुमची वाट बघत असेल.

सुरुवात बहुधा चॅपलने होईल. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं, गुडघे टेकायला लागत नाहीत. शाळेच्या चॅपलला प्रभुभोजन सहसा नसतं, त्यामुळे तो प्रश्न येणार नाही. वर्गणीची बादली फिरेल. द्यावंसं वाटलं तर द्या, नाहीतर पुढे सरकवा. चर्चच्या आत पुरुष टोपी काढतात. तुम्हाला काढायची नसेल तर लेकीला सोमवारी शाळेच्या ऑफिसात फोन करायला सांगा. आमच्याकडे एका सरदारजी आजोबांसाठी असा फोन आला होता, सेक्रेटरीबाईंनी 'अर्थात येऊ दे तसेच' म्हटलं होतं.

मग वर्गात मूल आजी-आजोबांची मुलाखत घेतं. शाळेत कसे जायचात, डब्यात काय असायचं, बाई रागावल्या तर काय करायच्या, असे प्रश्न कागदावर छापलेले असतात आणि उत्तरं मुलाने लिहायची असतात. काकूंनी मराठीत सांगावं, नातू इंग्रजीत लिहील. आमच्या वर्गात गेल्या वर्षी एका आजींनी स्पॅनिशमध्ये सांगितलं होतं, काही अडलं नाही. नंतर कॉफी, डोनट, आणि दुपारी शाळा लवकर सुटते, तेव्हा गाडीची सोय बघून ठेवा.

जुन्या_वाड्यातले | १८ जानेवारी, दुपारी ४.३०

मग जातो. ते प्रश्न आधी मिळतील का? ही म्हणतेय उत्तरं तयार करून ठेवते.

कोकमसार | १८ जानेवारी, दुपारी ४.४२

आमच्या वर्गाचा कागद विपुत पाठवते. तुमच्या शाळेचा थोडा वेगळा असेल, पण डब्याचा प्रश्न येणारच.

पळसपान | १८ जानेवारी, दुपारी ४.५०

मलाही पाठव गं, आईला द्यायचाय.